लिओबाचा सातवा झगा

"गाल जरा उतरवा, मास्तर," बाईसाहेब म्हणाल्या. "बाराव्या वर्षी मुली लांबतात."

दरबारी चित्रकार लोरेन्त्स मास्तरांनी राजकन्या लिओबाचे गाल उतरवले. लिओबा पाचव्या वर्षीच देवीच्या साथीत वारली होती. तेव्हापासून तिची वाढ मास्तरांकडे होती.

नदीपलीकडच्या संस्थानाशी अकरा वर्षं चाललेली लढाई लिओबाच्या पाळण्यापाशी थांबली होती. तिकडचा युवराज आल्ब्रेख्त हा तिचा ठरलेला नवरा. लग्न होईपर्यंत दोन्ही घरांनी दर ईस्टरला आपापल्या मुलांचं तैलचित्र एकमेकांना पाठवायचं, असं तहात होतं. मुलगी नाही तर तह नाही, आणि तह नाही तर पलीकडच्या तोफा. म्हणून तिला गुपचूप पुरलं, आणि शिंप्याला दरवर्षी थोडा मोठा झगा शिवायला सांगितलं.

यंदाचा झगा लाकडी सांगाड्यावर चढवला होता. चित्रासाठी तिचा धाकटा भाऊ एगोन त्याची रिकामी बाही धरून उभा होता.

"ताई माझ्याहून किती उंच?"

"चार बोटं, युवराज," मास्तर म्हणाले. "हलू नका."

"गेल्या वर्षी तीन होती! एवढं जेवतो मी, आणि वाढते ताईच."

बाईसाहेब हसल्या.

सरकार आले, चित्रासमोर उभे राहिले. "छान. हे शेवटचं. पुढच्या वसंतात लग्न आहे, आणि चर्चमध्ये चित्र उभं करता येत नाही. येत्या थंडीत तिला ताप येऊ दे. तोवर मी तटबंदी बघतो."

"एकदा पुरलीय मी तिला," बाईसाहेब म्हणाल्या. "पुन्हा नाही पुरणार."

"मग काय, झगा पाठवू सासरी?"

"मुदत मागा. नाजूक आहे म्हणा."

"आपण मागितली की ते वैद्य पाठवतील. त्यांनी मागितली तर गोष्ट वेगळी."

"ते कशाला मागतील?"

बाईसाहेबांनी झग्याची कॉलर सारखी केली. ती सारखीच होती.

ईस्टरला पलीकडचं चित्र घेऊन तिकडचे म्हातारे चित्रकार टोबियास आले. दोन बहिणींच्या मधोमध युवराज आल्ब्रेख्त. गुबगुबीत, गुलाबी, कमरेला छोटी तलवार. सोबत पत्र होतं : युवराजांची छाती नाजूक आहे, तरी विवाह दोन वर्षं पुढे ढकलावा, ही विनंती.

सरकारांनी कपाळाला आठ्या घातल्या, दाढी कुरवाळली, आणि शेजारधर्म म्हणून मोठ्या मनाने मान्यता दिली. बाईसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्याच सकाळी शिंप्याला बोलावणं धाडलं. दोन वर्षांचे दोन झगे. एक निळा हवा होता.

दुपारी दोघे चित्रकार मुदपाकखान्यात बिअर आणि सॉसेज घेऊन बसले.

"तुमची राजकन्या छान मोठी होतेय हो," टोबियास म्हणाले.

लोरेन्त्स मास्तरांना ठसका लागला. "तुमचे युवराजही. तब्येत तर अगदी ठणठणीत दिसते."

टोबियासनी मान डोलावली. दाराकडे एकदा बघून घेतलं आणि स्टूल जवळ ओढलं.

"मास्तर, एक धंद्यातली गोष्ट विचारू? समोर बसायला मुलगाच नसेल, तर मिसरूड कितव्या वर्षापासून काढायला घ्यावं?"