मडगार्डवरची पेटी

“पेटीला कुलूप बसेल अशी कडी लावा, भाऊ,” बाईने सांगितलं, तेव्हा वेल्डरने काळा चष्मा कपाळावर सरकवला.

ट्रॅक्टर त्याच्या दुकानासमोर उभा होता. सीटच्या डाव्या अंगाला, मडगार्डला टेकवून, त्याने लोखंडी अँगलची पेटी बसवली होती. चहूबाजूंनी जाळी, खाली रबराची चटई, वर उन्हासाठी पत्रा. आत पट्टा, तोही अंगाला काचू नये म्हणून कापड लावून शिवलेला. आणि एवढी बडदास्त कुणाची, तर एका कुत्र्याची. त्याचं नाव भोपळ्या. डोकं पाहिलं की हे नाव का ठेवलं, असं कुणी विचारत नसे.

नाव मुलाने ठेवलं होतं. बाईचा एकुलता एक मुलगा, तो तापाने गेला. तेव्हापासून घरात ती, नवरा आणि हा भोपळ्या. म्हणून वेल्डर एरवी गिऱ्हाइकाला सुनावतो तसं काही बोलला नव्हता. पण कुलूप म्हणजे अतीच झालं. ट्रॅक्टर कलंडला तर बिचाऱ्याला उडी मारून निसटता तरी यावं, कुलपात अडकला तर खेळ खलास, असं त्याने स्पष्टच सांगितलं.

“तो आत असला की हे जपून चालवतात,” ती म्हणाली.

मग तिने समजावलं. नवऱ्याचं मन मऊ. कुत्रा कुंईकुंई करायला लागला की हे त्याला वाटेतच सोडून देतील. त्यापेक्षा सकाळी घरून निघताना ती कुलूप लावेल, दुपारी शेतावर डबा घेऊन गेली की उघडेल. किल्ली तिच्याकडेच राहील. आणि बंद पडलेल्या खाणीच्या कडेने जाणारा जवळचा रस्ता नको म्हणजे नकोच. तिथल्या खड्ड्यांत मुक्या जिवाची हाडं खिळखिळी होतील. वळसा पडला तरी चालेल.

नवरा शेजारीच उभा होता. भोपळ्याचा कान बोटांत धरून. तो हो म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच हो म्हणे.

वेल्डरला हे सगळं मुळातच पसंत नव्हतं. त्याचा स्वतःचा कुत्रा ट्रॉलीच्या चाकाखाली गेला होता. आवाज ऐकून तो धावला, तोवर काही उरलं नव्हतं. कुत्र्याची जागा घराच्या उंबऱ्यावर, चालत्या ट्रॅक्टरवर नाही, हे तो येईल त्याला ऐकवायचा. बाईलाही ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि कडीकडे बोट दाखवलं. वेल्डरने कडी लावली.

त्यानंतर रोज सकाळी ट्रॅक्टर दुकानावरून जायचा. चहाच्या टपरीवरची मंडळी राजेसाहेब निघाले म्हणून हसायची. भोपळ्या जाळीतून सगळ्यांवर भुंकायचा. नवरा मात्र समोर बघत असायचा. वेल्डरने हात केला तरी त्याला दिसत नसे. माणूस पार वाळून गेला होता, शर्ट नुसता खांद्यावर टांगल्यासारखा. बाईने मुलाची सगळी माया कुत्र्यावर ओतली, आणि या माणसाला कुणी विचारायचं, असं वेल्डरला वाटे. तिचा रागच यायचा.

एका सकाळी ट्रॅक्टर दुकानासमोर थांबला. वेल्डर नुकतंच शटर वर करत होता.

नवऱ्याने पेटी काढून टाकायला सांगितली. मिस्त्री, तुमचंच खरं होतं, म्हणाला. काल चाक घसरलं, पेटी पाण्याच्या पाटावर लोंबली, आणि हा आत कुलपात. जिवाचं पाणी पाणी झालं. मुलाचा कुत्रा आहे, त्याला काही झालं तर वर जाऊन मुलाला काय तोंड दाखवू?

वेल्डरला मनापासून बरं वाटलं. आपलं म्हणणं कुणीतरी मनावर घेतलं, आणि तेही या माणसाने. त्याने ग्राइंडरने कुलूप कापलं, बोल्ट सोडवले, पेटी भिंतीला टेकवून ठेवली. वहिनींना विचारलंत ना, एवढं मात्र त्याने मधेच विचारलं.

“ती दुपारी डबा घेऊन इथूनच जाते. तेव्हा भोपळ्याला न्यायला सांगा,” नवरा म्हणाला. “त्याला सुखरूप बघून तिला बरं वाटेल.”

त्याने भोपळ्याला दुकानाच्या खांबाला बांधलं. गाठ नीट बसली का ते पाहिलं. मग खाली बसून त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिला. वेल्डरने चहा मागवला तर चक्क घेतला, वर साखर कमी पडली म्हणून टपरीवाल्याची थट्टाही केली. कित्येक महिन्यांत माणूस पहिल्यांदा हसला होता. आता हादरे बसायला कुत्रा नाही, तेव्हा जवळच्याच रस्त्याने जातो, असं सांगून तो निघाला. भोपळ्याने दोरी ताणून असा काही गळा काढला की वेल्डरला त्याला दटावावं लागलं.

दुपारी बाई आली. डोक्यावर पदर, हातात डबा. वेल्डर हातचं काम टाकून पुढे झाला आणि सगळं सांगत सुटला. चाक कसं घसरलं, कुलूप कसं कापलं, दादांनी स्वतः कसं सांगितलं, आता कुत्र्याची काळजी कायमची मिटली. भोपळ्या तिच्या पायांत घोटाळत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“ते कुठल्या रस्त्याने गेले?”

“खाणीच्या. जवळ पडतो ना.”

डबा तिच्या हातून सुटला. वेल्डर तो उचलायला वाकला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मुका जीव सोबत असला की ते खाणीत उडी घेणार नाहीत, एवढ्याच भरवशावर मी त्यांना रोज घराबाहेर सोडत होते.”