रोवेनाची फाइल

सिद्धेशनं खिडकी लावून घेतली. गोवंडीत दुपारी कचऱ्याच्या डम्पिंगचा वास फार यायचा. साडेचारला मीटिंग होती. टोरांटोत तेव्हा सकाळचे सात, मनिलात संध्याकाळचे सात. नऊ माणसं, चार शहरं, आणि एकाचं काम वेळेवर दुसऱ्याच्या हाती पोचवणं ही सिद्धेशची नोकरी.

आज मनिलाच्या रोवेनाला बक्षीस द्यायचं होतं. टोरांटोचा साहेब डेरेक, त्यानं तिचा फोटो पाठवला होता. हॉस्पिटलची खाट, हाताला सलाइन, मांडीवर लॅपटॉप. गेल्या आठवड्यात कळा सुरू असताना तिनं फाइल पुरी करून पाठवली होती. वर वीस मिनिटं उशीर झाला म्हणून माफी मागितली होती. तीन तासांनी तिला मुलगी झाली.

आई चहा घेऊन आली. फोटो बघून तिनं विचारलं, ही बाई आजारी आहे का? सिद्धेशनं सांगितलं.

"बाळंतपणाच्या खाटेर काम? तां कोणी सांगल्यान तिका?"

"ऑफिसनं," सिद्धेश म्हणाला.

मीटिंग सुरू झाली. डेरेकनं फोटो मोठा करून सगळ्यांना दाखवला. निष्ठा म्हणतात ती हीच, म्हणाला. मग त्यानं सिद्धेशला दोन शब्द बोलायला सांगितलं.

सिद्धेशनं कौतुक लिहून ठेवलं होतं. ते त्याला वाचवेना.

"ती रजेवर होती," तो म्हणाला. "ॲडमिट झालेय म्हणून तिनं मला त्या दिवशी सकाळीच कळवलं होतं. तरी मी तिला तीनदा मेसेज केला. मी मागितली म्हणून तिनं फाइल दिली. मला लाज वाटतेय."

नोकरी गेली, सिद्धेशला वाटलं. आणि जरा बरंही वाटलं.

डेरेक मात्र खूश झाला.

"पाठपुरावा असा हवा," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा मागायची हिंमत किती जणांत असते? पुढच्या महिन्याचं बक्षीस सिद्धेशचं."

स्क्रीनवर टाळ्यांचे छोटे पिवळे हात वर सरकू लागले. क्राकोवमधून दोन, टोरांटोतून तीन. मनिलाच्या चौकटीत रोवेना बाळाला खांद्यावर घेऊन बसली होती. बाळाचं डोकं सांभाळत तिनं मोकळ्या हातानं बटण शोधलं. तिचाही एक पिवळा हात वर आला.