कायाओचा किल्लेदार

“बाहेर काढा ह्यांना,” रविकांत म्हणाला आणि त्यानं घडी घातलेला रुमाल नाकाला लावला. “बसून खाणारी तोंडं मला नकोत. उन्हं चढायच्या आत जागा मोकळी दिसली पाहिजे.”

सभागृहात शिट्ट्या पडल्या. अहमदपूरच्या एका कॉलेजात युवक महोत्सव चालला होता आणि सकाळची एकांकिका होती दक्षिण अमेरिकेतल्या वेढ्याची. पेरू देशातलं कायाओ बंदर, साल अठराशे पंचवीस. मुलूख हातचा गेला होता, तरी स्पेनचा किल्लेदार बंदराचा किल्ला सोडत नव्हता. दाणागोटा संपत आला तशी त्यानं आसऱ्याला आलेली माणसं दरवाज्याबाहेर काढली. वेढा घालून बसलेल्यांनीही त्यांना पुढं जाऊ दिलं नाही. मधल्या उघड्या जमिनीवर ती माणसं भुकेनं मेली.

म्हातारीचं काम करणारी महामाया किल्लेदार झालेल्या रविकांतच्या पाया पडली. त्यानं पाय मागं घेतला आणि बुटाचं टोक दुसऱ्या पोटरीला पुसलं. लोक हसले. तालमीत ह्या जागेवर सगळे गप्प व्हायचे.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून त्याची आई उठली. पोराचं नाटक बघायला सरजाबाई बिलोलीहून पहिल्या एसटीनं आली होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि लोकांचे गुडघे चुकवत ती बाहेर निघून गेली.

पुढचं नाटक रविकांतनं कसंबसं रेटलं. शेवटी किल्लेदार शरण येतो, पण मानानं. जहाजात बसतो आणि सुखरूप मायदेशी जातो. हे इतिहासात असंच झालं होतं. इथं लोकांना चीड येईल, असं नाटक बसवणाऱ्या सुगतला वाटलं होतं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

पोशाख न उतरवताच रविकांत बाहेर आला. सरजाबाई लिंबाखाली बसली होती.

“ते बोलणं नाटकात कशाला घातलंस?” तिनं विचारलं.

“लोकांना कळावं म्हणून.”

“लोकं तर हासून राहिले.” ती थोडा वेळ मातीत रेघा ओढत राहिली. “त्या दिवशीबी हासलेच होते.”

रविकांतला मिशी उपटून टाकावीशी वाटली. डिंकाचा वास नाकात बसला होता. ज्या बोलण्यावर गर्दीनं मान खाली घालावी, ते त्यानं इतकं झोकात म्हटलं होतं की गर्दीला तेच आवडलं. त्याला स्वतःच्याच गळ्याची किळस आली.

सभागृहातून प्रमुख पाहुणे निघाले. शेषेराव, तीन शाळा आणि एक कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. मागं दहा-पंधरा माणसं. सुगत त्यांना हौसेनं लिंबाकडंच घेऊन आला. सरजाबाईनं त्यांना बघितलं आणि तोंड फिरवलं.

शेषेरावांनी रविकांतच्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता, अत्तराचा वास मारत होता. रविकांतनं तो झटकला नाही.

“लई दमदार काम केलंस,” शेषेराव म्हणाले. “खरं सांगू का, मला तर किल्लेदारच पटला. जागा राखायची म्हणलं की माणसाला कडक व्हावंच लागतंय. पहिलं बक्षीस तुझंच. हे असं बोलायला शिकलास कुठं?”

“तुमच्याकडनं.”

मागची माणसं कौतुकानं हसली.

“तीन वर्षांखाली तुम्ही शाळेच्या जागेसाठी आमच्या गायरानावर जेसीबी घेऊन आलता, साहेब,” रविकांत म्हणाला. सुगतनं त्याचा दंड दाबला, तो थांबला नाही. “आम्हा बौद्धांची अकरा घरं होती. माझी माय तुमच्या पाया पडली. तुम्ही रुमाल नाकाला लावून हेच बोलला होता. त्यातला एक शब्दबी मी बदलला न्हाई.”

आता कोणी हसत नव्हतं. तीन महिने रविकांत ह्याच घटकेसाठी हे उत्तर मनात घोकत होता. प्रमुख पाहुणे कोण आहेत हे कळलं त्या दिवसापासून. शेषेराव चिडतील, खोटं आहे म्हणतील, निदान नजर तरी चुकवतील, असं त्याला वाटत आलं होतं.

शेषेरावांनी खांद्यावरचा हात काढलासुद्धा नाही. कपाळाला आठ्या घालून ते मनापासून आठवू लागले. बराच वेळ आठवत राहिले.

“कुठलं गायरान रे?” त्यांनी विचारलं.