घडीची खुर्ची

नोकरीत असताना कर्नलांना स्वतःच्या लेकीला एकदाही शाळेत सोडता आलं नाही. त्या रुखरुखीपायी निवृत्तीनंतर ते रोज सकाळी फाटकाशी घडीची खुर्ची टाकून बसत आणि गाड्या अडवून नातीसकट सोसायटीतल्या सगळ्या पोरांना रस्ता ओलांडून देत. ‘फाटकाची शोभा जाते,’ म्हणत सेक्रेटरीनं खुर्ची तळघरात फेकली. फाटकाला कसली आलीय शोभा! गुडघा लढाईत जायबंदी झालेला, तरी वर्षभर, मरेपर्यंत, कर्नल तिथं उभे राहिले. शोकसभेत तोच सेक्रेटरी गहिवरून म्हणाला, “आपला आधारवड गेला! दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या.” लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे उठले, तिनं तळघरातून आणलेली गंजकी खुर्ची उघडली आणि ठाण मांडलं. “ताई, उभ्या राहा!” सेक्रेटरी कुजबुजला. “बाबा तुमच्या पोरांसाठी वर्षभर उभे होते. त्यांच्या वाटचं मी बसणार!”