हायवेला चालेल का?

“चढाला दम लागतोय हिला,” नवरा म्हणाला आणि त्याने पाय आणखी दाबला. इंजिन कुरकुरलं. छोटी हायब्रिड गाडी क्षणभर टँकरच्या मागे रेंगाळली, मग बाजू काढून सरळ पुढे निघून गेली. बायको शेजारी बसली होती. टँकर आरशात लहान होत गेलेला तिने पाहिला. दम कुठे लागला, ते तिच्या काही लक्षात आलं नाही.

त्याची कागद कारखान्यात बदली होऊन दोन वर्षं होत आली होती. कारखाना हायवेला लागूनच होता, घरापासून दीड तासावर. बसच्या वेळा आणि पाळीच्या वेळा काही केल्या जुळत नव्हत्या. म्हणून तो तिकडेच खोली घेऊन राहायचा. शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. “एक गाडी असती ना, तर रोज घरी जेवायला आलो असतो,” हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. नणंदेसमोर, शेजाऱ्यांसमोर, मुलीच्या शाळेत बाईंसमोरसुद्धा त्याचं ते म्हणून झालं होतं. ऐकणारे हळहळायचे. बायकोने ते मनावर घेतलं.

ती शाळेत ग्रंथपाल होती. एखादी गोष्ट शोधायची म्हटली की ती मुळापर्यंत जायची. भूगोलाच्या सरांकडे हीच गाडी होती. त्यांना तिने मधल्या सुट्टीत भंडावून सोडलं. मग शोरूम गाठलं आणि ट्रायलसाठी मुद्दाम रविवारची सकाळ मागून घेतली, म्हणजे तो असेल.

आणि आता तो एकेक खोट काढत होता. टायरचा आवाज फार येतो. ट्रक शेजारून गेला की गाडी हलते. रोज तीन तास बसायचं तर पाठीचं काय होईल?

“शिवाय हायब्रिडचा फायदा गावात,” तो म्हणाला. “सारखं थांबायचं, सारखं निघायचं, तिथे बॅटरी कामाला येते. इथे एका वेगाने पळायचं, म्हणजे सगळं इंजिनावरच.”

मागे बसलेली शोरूममधली मुलगी प्रामाणिक होती. “ते बरोबर आहे सर. हायवेला फायदा कमी होतो. पण होतो. आणि रोज जाऊन येऊन करणारे आमचे बरेच ग्राहक आहेत, तक्रार नाही कुणाची.”

“असतील,” तो म्हणाला.

पेट्रोल पंपावर हवा बघायला म्हणून त्याने गाडी आत घेतली. शोरूमच्या मुलीचा फोन वाजला. ती बोलत बोलत लांब गेली. गाडीत दोघंच उरले.

“लहान नको वाटत असेल तर मोठी बघू,” बायको म्हणाली. “डिझेलची. हायवेला तीच बरी, असं भूगोलाचे सर पण म्हणत होते. कर्ज माझ्या पगारावर काढू.”

तिला वाटलं होतं, तो खूश होईल. निदान हिशेब तरी विचारेल. त्याने काच खाली केली, पुन्हा वर केली.

“मोठी तरी कशाला?” तो म्हणाला. “पाळीचा काही भरवसा नसतो. दमून एवढं चालवायचं म्हणजे...”

ती त्याच्याकडे बघत राहिली. पहिल्या वर्षी तो सुट्टी असली की आठवड्याच्या मध्येही यायचा. दोन बस बदलून यायचा, उभ्याने यायचा. ते कधी बंद झालं, हे तिला आठवेना. तेव्हाही गाडी नव्हतीच.

“अहो,” तिने विचारलं, “तुम्हाला रोज घरी यायचंय का?”

हवा भरणारा माणूस पुढच्या चाकापाशी वाकला होता. तो उठून मागच्या चाकाकडे गेला.

“शनिवार-रविवार येतोच की गं मी.”

“कोणी आहे का तिकडे?”

“छे!” तो दचकलाच. मग त्याचा आवाज खाली आला. “कोणीच नाही. खोलीवर आलो की कोणी काही विचारत नाही, काही सांगत नाही. खिडकीत बसून चहा पितो. बरं वाटतं मला.” थोडं थांबून तो म्हणाला, “तुझं काही चुकलंय असं नाही.”

“नाहीच चुकलेलं,” ती म्हणाली.

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. दोन वर्षं ती या माणसाची कीव करत आली होती. पानात काही चांगलं पडलं की तिच्या मनात यायचं, तिकडे हा काय खात असेल. तिला आता हसू यायला लागलं, आणि ते आवरणं जास्त कठीण गेलं.

परत येताना गाडी तिने चालवली. लायसन्स लग्नाआधीचं होतं आणि भावाच्या गाडीवर हात बसलेला होता. सुरुवातीला तिने स्टिअरिंग घट्ट धरलं, मग बोटं सैल सोडली. शोरूमची मुलगी तिच्या शेजारी बसली आणि नवरा मागच्या सीटवर. ट्रक शेजारून गेले, गाडी हलली, आणि त्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

शोरूमच्या दारात तिने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

“मग मॅडम, काय वाटतं?” मुलीने उतरता उतरता विचारलं. “सरांच्या हायवेला चालेल ना?”

“हायवेचा प्रश्न मिटला,” बायको म्हणाली. “मला जरा गावातून चालवून बघायचीय. बाजारातून, शाळेच्या बाजूने.”

“अवश्य!” मुलीचा चेहरा उजळला. तोवर नवराही खाली उतरला होता. मुलीने पुढचं दार उघडून धरलं आणि अदबीने बाजूला झाली. “या सर, बसा.”

तो दाराकडे एक पाऊल आला.

“ते येणार नाहीत,” बायको म्हणाली. “तुम्ही बसा.”