हिरवा नट

लेक मनवा चढली, शाळेच्या बसचं दार बंद झालं, तेवढ्यात केतकीला मागच्या चाकाचा एक नट डुगडुगताना दिसला.

"काका, ढिला आहे हा!"

ड्रायव्हरकाका नट आवळायची, फोनला जोडलेली गन घेऊन आपल्या दाराने उतरले. नटावर टेकवली, पण ती फिरेना. "सकाळीच आवळलाय, ताई. ॲपवर हिरवा आहे. हिरव्या नटाला गन परत आवळत नाही."

"मग पान्याने आवळा!"

"साधा पाना बाळगला तर लायसन्स जातं."

"निदान मनवाला तरी उतरवा."

"मुलांचं दार आता शाळेतच उघडणार. बसही वेळ झाली की आपली आपण निघते, मी नुसता बसतो."

ते चढले. केतकी वाकून बोटांनीच आवळू लागली. बस हलली आणि नट तिच्या हातात राहिला.

ती ओरडत मागे धावली. मनवाला गंमत वाटली, तिने काचेतून टाटा केला. केतकीच्या फोनवर बसच्या ॲपचा निरोप आला: सर्व नट घट्ट आहेत.