टपरीशेजारचा झेंडा

गेल्या सव्वीस जानेवारीला सेक्रेटरी टिपणिसांनी इस्त्रीवाल्या सुगंधाला आणि सगळ्या कामवाल्यांना सोसायटीच्या झेंडावंदनातून बाहेर काढलं होतं. "हा कार्यक्रम सभासदांचा आहे." ते वाक्य सुगंधाच्या मनात सलत राहिलं.

पंधरा ऑगस्टला तिनं फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या आपल्या टपरीशेजारी स्वतःचा खांब उभा केला. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून रोवलेला प्लास्टिकचा पाइप, वर पडद्याची कडी आणि तिच्यातून ओवलेली कपडे वाळत घालायची दोरी. कामवाल्या भोवती जमल्या.

टिपणीस तरातरा आले. "आमच्या फाटकासमोर हा तमाशा कशाला? काढा आधी!" त्यांनी पाइप धरून गदागदा हलवला. तरी सुगंधानं दोरी ओढली. झेंडा फडकला आणि बायकांनी राष्ट्रगीत सुरू केलं. टिपणिसांनी पाइप सोडला. रागानं लालबुंद झाले होते, तरी गीत संपेपर्यंत ते ताठ उभे राहिले, कामवाल्यांच्याच रांगेत.

मग गुरगुरले, "संध्याकाळपर्यंत हे इथून गेलं पाहिजे."

"संध्याकाळी झेंडा उतरवीन," सुगंधा त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "खांब राहील."